बाहुलीच्या डब्यावर '३+' लिहिलंय, पण आतला प्रकार लेकरांचा वाटत नाही. घेताना काय बघावं, तक्रार कुठं करावी?

परभणीची_आई
नमस्कार. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला एक बाहुली आणि वाढदिवसाला येणाऱ्या पंचवीस लेकरांना रिटर्न गिफ्ट घ्यायचेत. बघता बघता तीन वस्तूंवर अडले.

पहिली, फूटभर उंचीची बाहुली. डब्यावर '३+' छापलंय, अंगात फुलांचा फ्रॉक. फ्रॉक काढून गार पाण्यात धरली की अंगावर काळ्या जाळीचे आतले कपडे उमटतात, मोठ्या बायकांच्या जाहिरातीत असतात तसे. दुसरी, खेळण्यातला मोबाइल. वरच्या बटणांना एबीसीडी आणि कुत्र्या-मांजराचे आवाज, खालच्या रांगेला डबल मीनिंगची गाणी. तिसरी, रिटर्न गिफ्टच्या पाकिटातले पाउच. त्यावर चकाकत्या अक्षरांत इंग्रजी ओळी आहेत, आणि त्यातली एक तर घरात मोठ्यानं वाचता येणार नाही अशी आहे.

दुकानदार म्हणतो, "ताई, सगळेच न्यायलेत, लेकरांना काय कळतंय?"

मला विचारायचंय ते असं. आयएसआय शिक्का असला म्हणजे निर्धास्त घ्यावं का? दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येतं? भेट म्हणून घरात आलेलं असं खेळणं लेकराला न दुखावता कसं काढावं? आणि तक्रार करायची तर कोणाकडं? सगळ्यांची उत्तरं एकाकडून नकोत, ज्याला जे पक्कं माहीत आहे तेवढं सांगा.

ग्राहकमित्र_नांदेड
ताई, आयएसआयबद्दल मोठा गैरसमज आहे, तो आधी काढू.

केंद्राचा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश २०२० सालचा, १ जानेवारी २०२१ पासून लागू. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. साध्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि बॅटरी-विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४ हे मानक. त्यात तपासतात काय? टोक-धार लागते का, बारीक भाग सुटून घशात जाईल का, पेट कसा घेतं, रंगात शिसं-कॅडमियम किती, प्लॅस्टिक मऊ करणारी फ्थॅलेट रसायनं किती. बाहुलीनं काय घातलंय, मोबाइल काय गातो, यातलं काहीच त्या तपासणीत येत नाही. म्हणून शिक्का असलेली बाहुलीसुद्धा तुम्हाला खटकेल अशी असू शकते.

पण तक्रार करताना हाच शिक्का तुमच्या कामाचा आहे. लोक इथं चुकतात. दुकानदाराशी किंवा कंपनीशी "हे अश्लील आहे" म्हणून वाद घालतात. समोरचा म्हणतो, "ही फॅशन आहे, तुमचीच नजर तशी", आणि विषय तिथंच संपतो. अश्लील कशाला म्हणायचं यावर शंभर मतं निघतात, शिक्का आहे की नाही यावर दोन मतं होत नाहीत. तुम्ही सांगितलेल्या प्रकारचा बराचसा माल बिनशिक्क्याचा आणि बिननावाचा असतो. तिथं बोट ठेवा.

बघायचं असं. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा आकडा आणि खाली 'सीएम/एल' पुढं परवाना क्रमांक, दोन्ही पाहिजेत. नुसतं चिन्ह असेल, किंवा वेगळं स्टिकर चिकटवलेलं असेल तर संशय घ्या. मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲप टाका, त्यात परवाना पडताळणीत तो क्रमांक भरा. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपलाय, कोणत्या मालासाठी दिलाय, सगळं येतं. डब्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही तर त्याच ॲपमधून तक्रार करता येते, फोटो जोडता येतात. २०१६ च्या बीआयएस कायद्यात बिनशिक्क्याचा सक्तीचा माल विकण्याबद्दल पहिल्या वेळी कमीत कमी दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. दुकानदाराला हे शांतपणे सांगितलं तरी पुष्कळदा माल काउंटरवरून आत जातो.

पाउच हे खेळणं नाही, त्याला हा आदेश लागत नाही. पण पाकीटबंद विकतात म्हणजे बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीचा नंबर आणि बाहेरचा माल असेल तर देशाचं नाव छापलेलं असलंच पाहिजे. नसेल तर जिल्ह्याच्या वैधमापन (वजन-माप) निरीक्षकाकडं जा.

शिक्का नाही म्हणून लगेच आरडाओरडाही करू नका. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. जत्रेत एखादा कारागीर लाकडी बैलगाडी विकत बसला असेल तर त्याला धारेवर धरायचं कारण नाही.

खेळणी_ठोक_लातूर
दुकानात काय बघायचं ते मी सांगतो, कारण माल कसा भरला जातो हे कळलं की कुठं फसतं तेही कळतं.

हैदराबादच्या बेगम बाजारातून, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडून नाहीतर दिल्लीच्या सदर बाजारातून मिक्स कार्टन येतो. एका कार्टनात आठ-दहा डिझाइन मिसळलेली. छोटा दुकानदार वरचे दोन नग बघतो आणि कार्टन रॅकवर चढवतो. लातूरच्या गंजगोलाईत काय नि माळेगावच्या जत्रेत काय, स्टॉलवाल्यालाच माहीत नसतं खालच्या डब्यात काय आहे. बऱ्याच वेळा तो खोटं बोलत नसतो, त्यानं बघितलेलंच नसतं. म्हणून "दुसरा पीस द्या" म्हणलं की तुम्ही बघितलेला आणि तुमच्या पिशवीत गेलेला नग वेगळा असतो. जो डबा तपासला तोच घ्या, शिक्क्यापाशी पेनानं खूण करा.

बाहुलीचं. गार पाण्यात उमटणारा रंग हा थर्मोक्रोमिक असतो. गार झाला की दिसतो, गरम झाला की पारदर्शक होतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात ४० अंशाच्या वर पारा असतो, तिथं ती बाहुली अगदी कोरी दिसणार. तीच बाहुली डिसेंबरात सकाळी किंवा फ्रिजच्या पाण्यात वेगळी दिसते. म्हणून उन्हाळ्यात घेतलेली बाहुली 'चांगली होती' आणि हिवाळ्यात 'बिघडली' असं वाटतं. डब्यावर थेंबाचं किंवा बर्फाच्या तुकड्याचं चित्र, 'कलर चेंज', 'सरप्राइज' असं काही दिसलं की उघडा नमुना मागा. गार पाण्याच्या बाटलीला रुमाल गुंडाळून ओला करा आणि बाहुलीच्या छाती-पोट-मांडीवर अर्धा मिनिट धरा. जे उमटायचं ते तिथंच उमटेल. नमुना उघडायला नाही म्हणला तर त्या जातीची बाहुली सोडून द्या, दुसऱ्या पन्नास आहेत.

'सरप्राइज' अंडी आणि बंद पुड्यांचं यापेक्षा अवघड आहे, आत काय ते दुकानदारालाही दिसत नाही. लहान लेकरांना वाटायला बंद पुड्या घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइल, माइक, गाणारी गाडी: दुकानदार एकच बटण दाबून दाखवतो. तुम्ही सगळी दाबा, आणि एकच बटण पाच-सहा वेळा दाबा. स्वस्त चिपमध्ये एका बटणामागं तीन-चार गाणी फिरत असतात, चौथ्या वेळेला वेगळंच वाजतं. गाणं संपेपर्यंत ऐका. 'ट्राय मी' असं लिहिलेल्या डब्यात बटण अर्धवट चालतं, पट्टी ओढून काढल्यावर पूर्ण यादी सुरू होते.

इंग्रजी ओळींचं: फोनमध्ये गूगल लेन्स असतंच. कॅमेरा धरा, मराठी निवडा, अर्थ समोर येतो. द्व्यर्थी ओळ असेल तर भाषांतर साधंच येईल, तेव्हा तीच ओळ शोधात टाका आणि कोणती चित्रं येतात ते बघा. हे कोणी करत नाही. शाळेत लेकराच्या पाउचवर काय लिहिलंय ते बाईंनी वाचल्यावर घरी कळतं.

आणि ज्या स्टॉलवर चावटपणाचे लायटर, पत्ते, कीचेन लटकलेत त्याच स्टॉलवरून लेकरांचं खेळणं घेऊ नका. एकाच पेटीतून माल निघतो.

बालवाडी_संभाजीनगर
लेकराला कसं सांगायचं ते लिहिते.

सहा वर्षांच्या मुलीला त्या जाळीच्या कपड्यात मोठ्यांना दिसतं ते दिसत नाही. तिला ते 'मोठ्या ताईचे कपडे' दिसतात, आणि पाण्यात रंग येतो ही जादू दिसते. तुम्ही दचकून "छी, घाण आहे, टाक" म्हणालात की तिला दोन गोष्टी कळतात: आपण काहीतरी वाईट केलं, आणि अंगाबद्दल आईला विचारायचं नसतं. दुसरी गोष्ट जास्त नुकसान करते. म्हणून आवाज न चढवता, तिच्यासमोर, एका वाक्यात: "ही बाहुली लहान मुलांसाठी नीट बनवलेली नाही, आपण हिच्याऐवजी दुसरी आणू." आणि दुसरी त्याच वेळी हातात द्या. आज काढून घेतली आणि आठ दिवसांनी बदली दिली तर ती आठवडाभर त्याच बाहुलीचा विचार करते. रात्री झोपल्यावर गुपचूप गायब करू नका. लेकरू शोधतं, आणि हरवल्याचा दोष स्वतःवर घेतं.

जीव लागला असेल तर बाहुली ठेवा, कपडे बदला. बहुतेक घरात हेच पुरतं. फक्त नेलपॉलिश रिमूव्हरनं अंगावरचं डिझाइन पुसायला जाऊ नका. त्यातल्या ॲसिटोननं कडक प्लॅस्टिक विरघळतं, चिकट होतं, आणि चेहऱ्याचा रंगही उडतो. लेकराला तो चेहरा बघून जास्त रडू येतं.

आता एक भेद, तो फार महत्त्वाचा. बाहुलीला अवयव दाखवलेत म्हणून ती वाईट ठरत नाही. बाळबाहुलीला आंघोळ घालताना लेकरं शरीराचे भाग शिकतात, सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचं शिकवतानाही अशी बाहुली उपयोगी पडते. खटकायला हवं ते वेगळं: लहान मुलीचा चेहरा, पण उभं राहणं, ओठ, कपडे हे सगळं 'माझ्याकडं बघा' अशा थाटाचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एपीएनं, २००७ मध्ये मुलींना असं भडक रूप देण्याबद्दल अहवाल काढला होता. त्यात जाहिराती, कपडे, खेळणी सगळं धरलं होतं, आणि स्वतःच्या शरीराची लाज, खाण्यापिण्याचे विकार, खचलेपण यांच्याशी त्याचा संबंध दाखवला होता. एका बाहुलीनं हे होत नाही. घरात, टीव्हीवर, गॅदरिंगच्या नाचात, सगळीकडून तेच आलं की होतं.

घेताना स्वतःला एकच विचारा: ही हातात घेऊन लेकरू काय काय खेळेल? बाळबाहुलीला जेवू घालता येतं, दवाखाना होतो, शाळा होते, भातुकलीत पाहुणी येते. नुसतं सजवायचं आणि बघायचं, एवढंच होत असेल तर ती तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात जाते.

हिंगोलीकर_७७
सगळ्यांचं वाचलं, पण मला हे जरा जास्तच वाटतं. बाहुल्या पूर्वीपासून अशाच आहेत. आपणच लेकरांच्या डोक्यात भरवायलोत.

बालवाडी_संभाजीनगर
दादा, अर्धं बरोबर आहे. लेकराच्या डोक्यात ते नसतं, म्हणूनच त्याच्यापुढं ओरडू नका असं वर लिहिलं. आणि 'पूर्वीपासून' हेही काही अंशी खरं. १९५९ ची बार्बी ज्या जर्मन बाहुलीवरून घेतली ती 'बिल्ड लिली' मुळात मोठ्यांसाठी विकली जायची. पण बार्बीच्याच मॅटेल कंपनीनं २०१६ मध्ये वेगवेगळ्या अंगलटीच्या बार्बी काढल्या. तेव्हा आक्षेप घेणारे सगळेच वेडे नव्हते. वस्तू तीन वर्षांच्या लेकरासाठी म्हणून विकली, तर ती त्या वयाच्या दृष्टीनं बघणं हे बनवणाऱ्याचं काम आहे.

एक गोष्ट मात्र या खेळण्यांच्या चर्चेत मिसळू देऊ नका. लेकरू खेळताना वयाबाहेरची कृती करून दाखवत असेल, तसे शब्द वापरत असेल, किंवा विशिष्ट माणसाचं नाव काढलं की गप्प होत असेल, तर 'खेळण्यातून शिकलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे एकदाच विचारा: "हे कुठं बघितलंस?" सांगेल ते ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिथं बोला.

सर्किट_जालना
गाणाऱ्या मोबाइलचं सोपं आहे, फेकायची गरज नाही. आधी सेल काढा. मागचे दोन-तीन स्क्रू बारीक फुली स्क्रूड्रायव्हरनं सोडवा. आत हिरव्या पट्टीवर काळा गोल थेंब दिसेल, ती चिप. तिच्यातली गाणी बदलता किंवा पुसता येत नाहीत, तो नाद सोडा. रुपयाएवढा गोल स्पीकर असतो, त्याला दोन तारा. एक तार कापा, दोन्ही टोकांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप लावा, बंद करा. लाइट चालू राहतात, आवाज जातो. एबीसीडीही जाते, तिला इलाज नाही.

सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल आणि आत बटण सेल असतील तर मात्र ते खेळणं गाण्यांसाठी नाही, सेलसाठी घराबाहेर काढा. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. शंका जरी आली तरी थांबू नका, सरळ एक्स-रे असलेल्या दवाखान्यात.

डब्यावरच्या क्यूआर कोडकडंही लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅटेलनं एका सिनेमावरच्या बाहुल्यांच्या डब्यावर चुकीचा वेबपत्ता छापला, तो प्रौढांच्या साइटवर जात होता. माल दुकानांतून काढावा लागला. बाहुलीत काहीच गैर नव्हतं, चूक डब्यावर होती. म्हणून कोड आधी आपण स्कॅन करा, उघडण्याआधी पत्ता वाचा, मगच डबा लेकराच्या हातात. किंवा तेवढा भाग कापून टाका.

आता वायफायवर बोलणारी एआय खेळणी यायलीत, त्यांच्यात गाण्यांची ठरलेली यादीही नसते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संस्थेनं 'कुम्मा' नावाचं एआय टेडी तपासलं, तर ते लैंगिक विषयांवर बोलत सुटलं. कंपनीनं तेव्हा विक्री थांबवली. त्याआधी २०१७ मध्ये जर्मनीनं 'माय फ्रेंड कायला' ही बोलकी बाहुली लपून ऐकणारं यंत्र म्हणून बंद केली होती. घेतलीच तर आधी दोन-तीन दिवस स्वतः बोलून बघा, मराठीत आणि हिंदीतही, कारण इंग्रजीत अडवलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सुटून जाऊ शकते. गप्पा लांबवा. पहिल्या पाच मिनिटांत नीट बोलणारं खेळणं अर्ध्या तासानं घसरतं, कुम्माच्या तपासणीतही तसंच दिसलं. माइक बंद करायचं वेगळं बटण नसेल तर घेऊ नका.

परभणीची_आई
फार उपयोगी माहिती मिळाली सगळ्यांकडून. बाहुली ऑनलाइन मागवली असेल तर? विक्रेता म्हणतो, "डबा उघडला, परत घेणार नाही."

ग्राहकमित्र_नांदेड
ताई, उघडल्याशिवाय गार पाण्याचं कळणारच नव्हतं, हेच लिहा. क्रम असा ठेवा.

विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा. वय, फोटो, विक्रेत्याचं नाव आणि मूळ देश दिसला पाहिजे. तक्रार गेली की पान बदलतं किंवा गायब होतं. डब्याच्या सहाही बाजूंचे फोटो, बिल, ऑर्डर क्रमांक. बाहुलीचा गार पाण्यातला एक फोटो पुरे. तो फक्त तक्रारीला जोडा, ग्रुपवर फिरवू नका. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा आहे. मजकूर छोटा ठेवा: "वय ३+ म्हणून विकलेल्या वस्तूवर आयएसआय चिन्ह नाही, आयातदाराचं नाव नाही, आणि गार पाण्यात उमटणारं डिझाइन पानावर दाखवलेलं नाही. पैसे परत करावेत आणि वस्तू विक्रीतून काढावी." यातलं जे तुमच्या डब्याला लागू नाही ते गाळा. ४८ तासांत पोच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

शिक्का, नाव, सगळं बरोबर आहे आणि तरी खटकतंय, तर सरळ कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहा. ऑगस्ट २०२० मध्ये हॅस्ब्रोच्या 'पॉपी' बाहुलीचं असंच झालं. बसवली की आवाज यावा म्हणून दिलेलं बटण नको त्या जागी होतं. पालकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या, कंपनीनं ती बाहुली विक्रीतून काढली आणि बदलून द्यायची तयारी दाखवली.

पोलिसांचा मार्ग फक्त उघड अश्लील वस्तूंसाठी ठेवा, म्हणजे स्टॉलवर लेकरांच्या हातात दिले जाणारे तसले पत्ते, लायटर. भारतीय न्याय संहितेचं कलम २९५, मुलांना अश्लील वस्तू विकणं किंवा दाखवणं. जत्रेत पोलीस चौकी असतेच, तिथं स्टॉलची जागा सांगा. स्वतः माल हिसकावू नका.

शिवणकाम_बीड
बाहुली ठेवायची ठरली तर कपड्यांची मापं देते. फूटभर, म्हणजे २९-३० सेंटिमीटरच्या बाहुलीची छाती साधारण १३, कंबर ९ सेंमी असते.

परकर: ४० बाय २० सेंमीची सुती पट्टी, खणाचा तुकडा असेल तर उत्तम. खाली १ सेंमी दुमड, वर २ सेंमीचा नेफा. त्यात ९ सेंमी बारीक इलास्टिक, टोकं १ सेंमी एकावर एक घेऊन शिवा. पोलकं: १८ बाय १२ चा तुकडा खांद्यावर दुमडा म्हणजे १८ बाय ६ होतो. मधोमध अडीच सेंमीचा गोल गळा, मागं सरळ उभा काप. बाह्या ३ सेंमी रुंद ठेवून खालून काढा, मधलं अंग ९ सेंमी राहू द्या. शिवणीत अर्धा अर्धा सेंमी जातो, तरी मागं एकावर एक यायला कापड पुरतं.

मागं पातळ वेल्क्रो लावा, टिचबटण नको. टिचबटण ओढून निघतं आणि धाकटं लेकरू तोंडात घालतं. वेल्क्रो लावताना बाहुलीचे केस आधी रबरात बांधा, नाहीतर गुंता होतो. कापड जाड घेऊ नका, मांजरपाट किंवा जुन्या सुती साडीचा पदर चांगला बसतो. आणि मुलीला शेजारी बसवून रंग तिलाच निवडू द्या, म्हणजे ती नंतर हा परकर काढायलाच तयार होत नाही.